चौघांत वाटले की चार-चार केले?

नाशिकच्या पंचवटीतल्या एका शाळेत डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेच्या, एका मुलीचा सराव पाठ बघत मागच्या बाकावर बसले होते. तिसरीचा वर्ग, घटक भागाकार. फळ्यावर उदाहरण होतं: १२ लाडू आहेत, एका डब्यात ४ मावतात, तर डबे किती लागतील? तिनं चार पोरांना पुढे बोलावलं, बारा चिंचोके घेतले आणि एकेकाच्या तळहातावर एकेक ठेवत गेली. तीन फेऱ्यांत चिंचोके संपले. "प्रत्येकाकडे किती?" "तीऽऽन!" "म्हणून उत्तर तीन." टाळ्या झाल्या. तेवढ्यात खिडकीजवळचा एक पोरगा म्हणाला, "बाई, पण डबे तर चार झाले ना?"

त्याला खाली बसवण्यात आलं.

अख्ख्या वर्गात बरोबर तेवढा एकटाच होता. प्रश्नात तीन डबे, प्रत्येकात चार लाडू. पुढे उभी होती चार पोरं, प्रत्येकाकडे तीन चिंचोके. आकडा जुळला, गोष्ट जुळली नाही. हा घोटाळा इतक्या पाठांत पाहिलाय की निरीक्षण वहीत मारायला त्याचा एक शिक्काच बनवून घ्यावा म्हणते.

तर भागाकाराच्या दोन गोष्टी आहेत. पहिली समान वाटणी. तिच्यावर शब्द खर्च करत नाही. घरात भावंडं असलेल्या कुणालाही ती शाळेआधीच येते. बारा लाडू, चौघं जण, एकेक करत वाटा, प्रत्येकाला तीन-तीन. किती जण ते माहीत आहे, वाटा किती ते शोधायचंय.

दुसरी समान गट. बारा लाडू, चार-चारचा एक डबा. इथे वाटा किती ते आधीच ठरलंय, वाटे किती ते शोधायचंय. कृतीही वेगळी. एकेक वाटत फिरायचं नाही, चार उचलायचे, बाजूला ठेवायचे, पुन्हा चार उचलायचे. ढीग संपला की किती वेळा उचलले ते मोजायचं. वारंवार वजाबाकी म्हणतात ती हीच. इंग्रजी पुस्तकांत या दोघींना पार्टिटिव्ह आणि क्वोटिटिव्ह अशी नावं आहेत. परीक्षेपुरती पाठ करा आणि विसरा; वर्गात कामाची नाहीत.

कामाची खूण आपल्या भाषेतच आहे, आणि ती कुणी सांगत नाही याचं मला नवल वाटतं. मराठीत वाट्याचा आकडा दोनदा बोलला जातो. "चार-चारचे डबे भरा." "प्रत्येकाला तीन-तीन आले." म्हणजे दोनदा बोललेला आकडा हा गटाचा आकार. उदाहरण मोठ्यानं वाचा आणि कान द्या. प्रश्नातलाच आकडा दोनदा बोलावासा वाटला तर गट करायचेत. उत्तर सांगताना तो दोनदा आला तर वाटणी आहे. वाटणीत भाजक कसा येतो? "चौघांत", "चार जणांत". "बारा लाडू चौघांत" आणि "बारा लाडू चार-चार" यांतला फरक तिसरीच्या पोराला कानानं कळतो, फक्त त्याला तो ऐकवावा लागतो.

कानावर भरवसा नसेल तर एकक बघा. वाटणीत भाज्य आणि भाजक वेगळ्या जातीचे: लाडू आणि माणसं. उत्तर लाडवांत. गटांत दोन्ही एकाच जातीचे: लाडू आणि लाडू. उत्तर मात्र डब्यांत, म्हणजे तिसऱ्याच जातीत. उत्तरापुढे नुसतं "३" लिहून पुढच्या उदाहरणाकडे पळणाऱ्यांना म्हणूनच मी अडवते. तीन काय?

"मॅडम, पण उत्तर तर तेच येतं ना?" हा प्रश्न शिकाऊ शिक्षकांकडून दरवर्षी येतो, आणि चांगला आहे. येतं तेच, कारण चार त्रिक बारा आणि तीन चोक बारा. शिवाय वाटणीची एक फेरी बघा: चौघांना एकेक दिला म्हणजे ढिगातून चार गेले. फेऱ्या तीन झाल्या म्हणजे चार तीनदा वजा झाले. वाटणीच्या पोटात गट दडलेला असतोच. मोठ्यांना फरक दिसत नाही तो यामुळे. पण पोराला ही वाट तुम्ही चालवून दाखवायचीय, दोन्ही टोकं आधीपासून एकच आहेत असं गृहीत धरायचं नाही.

आणि उत्तर तेच येतं म्हणून फरक न बघता चालतं ते पूर्ण संख्या आहेत तोवरच. अपूर्णांक आला की वाटणीवाला शिक्षक आडवा होतो. ५ ÷ १/२. पाच लाडू अर्ध्या माणसात वाटा? मग पाठ केलेला मंत्र बाहेर येतो: उलटा करा आणि गुणा. का उलटा करायचा? गप्प. एकदा हेच विचारलं तेव्हा दिंडोरीकडची एक मुलगी, जिच्या घरी द्राक्षबाग आहे, सहज म्हणाली, "पाच किलोची पेटी, अर्ध्या-अर्ध्या किलोचे डबे. दहा बसतात." तिनं काही उलटं केलं नव्हतं. एका किलोत दोन डबे, मग पाच किलोंत पाच दुणे दहा. गुणाकार कुठून आला तेही त्यातच दिसतं. आणि "अर्ध्या-अर्ध्या" हे तिच्या तोंडून आपसूक आलं, ते ऐकलंत ना?

हे दुखणं आपलंच आहे असं समजू नका. लिपिंग मा या संशोधिकेनं १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिक्षकांना १ ३/४ ÷ १/२ साठी शाब्दिक उदाहरण रचायला सांगितलं होतं. अमेरिकेतल्या २३ शिक्षकांपैकी एकालाच अर्थाला धरून उदाहरण जमलं. चीनमधल्या ७२ पैकी ६५ जणांना जमलं. चुकलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी अर्ध्यानं भागायच्या ऐवजी निम्मं केलं, म्हणजे दोघांत वाटून टाकलं. आपल्याला तर पावणेदोन हा शब्दच तयार मिळालाय. पावणेदोन लिटर दूध, अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या पिशव्या, भरल्या साडेतीन. पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, घोकणाऱ्या जुन्या पोरांनी हे तोंडी सांगितलं असतं.

उलटही होतं. १/२ ÷ ३ ला गट कामाचे नाहीत; अर्ध्यात तीन-तीनचे गट काय करणार? इथे अर्धी भाकरी तिघांत वाटा. दोन्ही गोष्टी हाताशी लागतात त्या यासाठी.

भागाकारात उरणाऱ्या बाकीचंही तसंच. पांडवलेणीला सहल, ५० मुलं, एका गाडीत ८. सहा गाड्या भरून दोन पोरं उरली, तर गाड्या सात सांगा. "६, बाकी २" लिहिणारा त्या दोघांना शाळेतच ठेवून निघालाय. आठ-आठ पेन्सिलींचे खोके भरायचे असतील तर भरलेले खोके सहाच. आणि ५० रुपये आठ जणांत वाटायचे तर सहा रुपये पंचवीस पैसे, कारण पैसे मोडता येतात, पोरं येत नाहीत.

शून्यानं भागणं दोन ओळींत सांगते. शून्य-शून्यचे गट उचलत बसा, ढीग हलायचा नाही. आणि वाटायचं म्हटलं तर समोर कुणीच नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त शून्यानं भागलेल्या राशीला खहर म्हटलं; ख म्हणजे शून्य, हर म्हणजे भाजक. आज आपण हा भागाकार होतच नाही असं शिकवतो. "उत्तर शून्य" म्हणून सांगणाऱ्यानं मात्र माझ्यासमोर येऊ नये.

आता माझा खरा राग. "प्रत्येकी आलं की भागायचं" ही फळ्यावर लिहून दिलेली युक्ती. प्रत्येकी ५ रुपयांच्या ४ वह्या घेतल्या, किती रुपये झाले? प्रत्येकी आहे, गुणाकार आहे. २० पेरू प्रत्येकी ४ प्रमाणे टोपल्यांत भरले: गट. २० पेरू चार टोपल्यांत सारखे भरले, प्रत्येकीत किती: वाटणी. एकाच शब्दात तिन्ही. या युक्त्यांनी पोरं उदाहरण वाचायचं सोडतात आणि शब्द हुंगायला लागतात. टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, क्लासवाल्यांनी त्या तुम्हाला दिल्या असतील तर त्या वर्गाच्या दाराबाहेर काढून या, चपलांशेजारी.

राहिली भागाकाराची उभी मांडणी. ती या दोन्हींतल्या कुठल्या गोष्टीची? ७२ ÷ ३ घ्या. दहाच्या सात नोटा आणि रुपयाची दोन नाणी. तिघांना दोन-दोन नोटा, एक नोट उरली. ती मोडून दहा नाणी, आधीची दोन मिळून बारा, प्रत्येकाला चार-चार. चोवीस. तोंडानं "तीन दुणे सहा" म्हणतो, पण हात वाटणीच करत असतात, आणि भागाकार डावीकडून सुरू का होतो तेही नोटा आधी वाटल्या की पोरांना विचारावं लागत नाही. ७२ ÷ २४ ला मात्र चोवीस-चोवीस उचला: चोवीस, अठ्ठेचाळीस, बहात्तर, झाले तीन. तिथे चोवीस पोरं पुढे उभी करायला जाऊ नका. कित्येक शाळांत वर्गाचा पटच तेवढा नसतो.