व्हिक्टोरिनॉक्स की वेंगर? आधी क्रॉसभोवतीची चौकट बघा

काकांनी परदेशातून आणलेला किंवा जुन्या बाजारात सापडलेला लाल मुठीचा छोटा चाकू हातात आला, की आपण त्याला सरसकट 'स्विस नाईफ' म्हणतो. त्यावर 'व्हिक्टोरिनॉक्स' असेल तर अस्सल आणि 'वेंगर' असेल तर नक्कल, असा समज मी कितीदा तरी ऐकला आहे. तो मला मनापासून खटकतो. दोन्ही स्विस कंपन्याच, वेंगर नक्कल कधीच नव्हती.

कार्ल एल्सेनर यांनी १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या श्वीट्सजवळच्या इबाखमध्ये चाकूंची कार्यशाळा काढली, तीच पुढे व्हिक्टोरिनॉक्स झाली, आणि १८९१ मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू दिले. सैनिकाला रायफल उघडायला स्क्रूड्रायव्हर हवा होता, डबाबंद जेवणासाठी ओपनर. मूठ गडद लाकडाची होती, लाल नव्हे. कॉर्कस्क्रू असलेला 'ऑफिसर' चाकू १८९७ चा. तो सैन्याने कधी वाटला नाही, अधिकारी स्वतःच्या पैशाने घेत. इबाख जर्मन भाषकांचं, तर वेंगरचं गाव डेलेमों फ्रेंच भाषकांचं. दोन भागांत रुसवाफुगवी नको म्हणून १९०८ मध्ये सरकारने सैन्याची मागणी दोघांत निम्मी-निम्मी वाटून दिली. व्हिक्टोरिनॉक्स स्वतःला 'ओरिजिनल' म्हणवू लागली, वेंगर 'जेन्युइन'. दोघांचंही खरं होतं.

आता ओळख. मुठीवरचा क्रॉस ढालीच्या आकारात असेल तर व्हिक्टोरिनॉक्स, गोलसर कोपऱ्यांच्या चौकोनात असेल तर वेंगर. चिन्ह झिजलं असेल तर कात्री उघडा. व्हिक्टोरिनॉक्सच्या कात्रीत एक बारीक वेगळी स्प्रिंग असते, जुन्या चाकूत ती बऱ्याचदा तुटलेली मिळते. वेंगरच्या नंतरच्या कात्रीच्या धारेला बारीक दाते असतात, त्यामुळे दोरा निसटत नाही. कापायला मला वेंगरचीच कात्री आवडते. मिटलेल्या चाकूची मापंही वेगळी आहेत: व्हिक्टोरिनॉक्सचा किल्ल्यांच्या जुडग्यातला 'क्लासिक' ५८ मिलिमीटरचा, वेंगरचा 'एस्क्वायर' ६५ चा. मोठ्या चाकवांत व्हिक्टोरिनॉक्सचं माप ९१, वेंगरचं ८५. संग्रह करायचा असेल तर खिशात लहान पट्टी ठेवाच.

क्रॉसची खूण फसते ती अलीकडच्या चाकवांत. २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने वेंगर विकत घेतली, आणि २०१३ मध्ये वेंगरच्या नावाने चाकू काढणं थांबवून तेही व्हिक्टोरिनॉक्सच्या नावाखाली आणायचं ठरलं. म्हणून ८५ मिलिमीटरची वेंगरची घडण आणि वर ढालीतला क्रॉस असा चाकू मिळाला, तर तो बनावट समजून परत देऊ नका. तो वेंगरचाच वारसा आहे, नाव तेवढं बदललं.

माझा जीव मात्र सैनिकी चाकूवर जास्त आहे. १९६१ पासून २००८ पर्यंतचा तो चंदेरी ॲल्युमिनियम मुठीचा, ९३ मिलिमीटरचा, दोन्ही कंपन्यांनी एकाच नमुन्यावर बनवलेला. इथे ढाल-चौकोनाची खूण शोधू नका. पातं उघडा आणि मुठीलगतच्या पोलादावरचा शिक्का वाचा: कारखान्याचं नाव, आणि बरोबर वर्षाचे शेवटचे दोन आकडे. ते आकडे नखाने चाचपून बघताना, हा कुठल्या साली सैनिकाच्या हाती पडला असेल, हे थेट कळतं. पॉलिश मारून ते पुसट करू नका. मळ काढायला कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरतो, मग कोरडा पुसून सांध्यात तेलाचा एक थेंब.