स्वतः चालणाऱ्या बसची चाचणी: अर्ज कुठं अडकतो आणि का

शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीतले रुंद, सरळ रस्ते पाहिले की स्वतः चालणारी बस मराठवाड्यात आधी इथंच धावावी असं कुणालाही वाटेल. कॅमेरे, लायडार (लेझर किरणांनी अंतर मोजणारा सेन्सर), सॉफ्टवेअर या गोष्टी पैसे मोजले की मिळतात. फाइल अडकते ती कागदांवर, आणि बहुतेकदा पहिल्याच पानावरच्या ‘विषय’ या ओळीवर.

‘चालकविरहित बस चालविण्यास परवानगी मिळणेबाबत’ असा विषय लिहून आरटीओत अर्ज दिला, तर तो परत येणारच. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 3 नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवणाऱ्याकडे लायसन्स हवं. म्हणजे चालवणारा माणूस कायद्यानं धरूनच ठेवला आहे. यातून सूट देणं आरटीओच्या हातात नाही, जिल्हाधिकाऱ्यांच्याही नाही. नवे प्रयोग आणि संशोधनासाठी काही प्रकारच्या वाहनांना कायद्यातून वगळण्याचा अधिकार 2019 च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम 2-बी मध्ये आहे आणि तो केंद्र सरकारचा आहे. कलम 110 खाली राज्यालाही सूट देता येते, पण ती वाहनाच्या बांधणीच्या आणि उपकरणांच्या नियमांपुरती, तीही केंद्रानं घातलेल्या अटींत राहून. शिवाय चालकांच्या नोकऱ्या जातील म्हणून अशा गाड्यांना विरोध असल्याचं केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी 2017 आणि 2023 मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे. दिल्लीला अर्ज जरूर करा, पण त्यावर वेळापत्रक बांधू नका.

त्यापेक्षा विषय असा लिहा: ‘परवानाधारक चालक स्टेअरिंगवर असताना स्वयंचलित यंत्रणेची चाचणी घेणेबाबत’. यात कमीपणा काही नाही. स्कॉटलंडमध्ये एडिनबराजवळ मे 2023 ते फेब्रुवारी 2025 या काळात पूर्ण आकाराच्या पाच बस अशा यंत्रणेवर प्रवासी घेऊन धावल्या, तेव्हाही सीटवर चालक होता आणि प्रवाशांकडे बघायला आणखी एक कर्मचारी. प्रवासी पुरेसे मिळेनात म्हणून ती सेवा बंद झाली. हाही धडा मार्ग ठरवताना लक्षात असू द्या.

स्टेअरिंगच नसलेली शटल आणू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्टेअरिंग गियरचा स्वतंत्र नियम आहे, 98 क्रमांकाचा. आयआयटी हैदराबादच्या ‘तिहान’ या संशोधन केंद्रात स्वतः चालणारी वाहनं फिरतात ती संस्थेच्या आवारात. ‘आमचंही आवारच आहे’ असं म्हणणाऱ्या महाविद्यालयांनी कलम 2(34) वाचावं. जिथं जनतेला येण्या-जाण्याचा हक्क आहे ती जागा सार्वजनिक, मग तो रहदारीचा रस्ता असो वा नसो. सकाळी फिरायला येणाऱ्यांना, दूधवाल्याला, पलीकडच्या वस्तीला तुमच्या गेटातून वाट असेल, तर कुंपणाच्या जोरावर सूट मागता येणार नाही.

आता अर्जदार कोण ते बघा. महापालिका अर्ज करते, बसच्या आरसीवर मात्र ठेकेदार कंपनीचं नाव असतं. ग्रॉस कॉस्ट करारावरच्या (पालिका किलोमीटरमागे ठरलेला दर देते अशा) बस ठेकेदाराच्याच मालकीच्या असतात. यंत्रणा बसवायचा अर्ज आरसीवरच्या मालकानं करायचा. पालिकेनं सोबत ठराव आणि संमतीपत्र द्यायचं. कर्जावर घेतलेल्या बसला बँकेचंही पत्र लागतं.

सगळ्यात चिवट कागद यापुढचा. धावत्या इलेक्ट्रिक बसवर बाहेरून यंत्रणा बसवायची, म्हणजे स्टेअरिंग कॉलमला मोटर जोडायची, ब्रेकच्या वायरिंगमध्ये शिरायचं. हा थेट कलम 52 खालचा फेरबदल होतो. परवानगीशिवाय केला तर कलम 182-ए नुसार मालकाला प्रत्येक फेरबदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. परवानगीसाठी बसच्या मूळ उत्पादकाचं ना-हरकत पत्र मागितलं जातं आणि ते सहसा कुणाकडेच नसतं. उत्पादकाचं साधं म्हणणं असतं: आमच्या ब्रेकला दुसऱ्यानं हात लावला तर वॉरंटी संपली. म्हणून हे पत्र बस विकत घेताना, करारातच मागून ठेवा. नंतर मागितलं तर महिनोन् महिने मेल पाठवत बसाल.

पत्र मिळालं तरी चाचणी संस्थेचा अहवाल लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 126 मधल्या चाचणी संस्थांपैकी पुण्याच्या एआरएआय आणि सीआयआरटी सगळ्यांना ठाऊक आहेत. अहिल्यानगरची व्हीआरडीई त्याच यादीत आहे आणि छत्रपती संभाजीनगरहून जवळ आहे. संस्थेला एकच गोष्ट डोळ्यानं दिसायला हवी: यंत्रणेचा वीजपुरवठा तोडला की स्टेअरिंग आणि ब्रेक त्याच क्षणी चालकाच्या हातापायाशी आले पाहिजेत. लाल बटण डॅशबोर्डवर कुठं बसवलं, पट्टा लावलेल्या चालकाचा हात तिथवर पोचतो का, याचा फोटो अर्जात जोडा.

‘चाचणीच तर आहे, ट्रेड सर्टिफिकेटवर चालवू’ हा सल्ला हमखास मिळतो. ऐकू नका. ते उत्पादक, डीलर, आयातदार आणि नियम 126 च्या चाचणी संस्थांसाठी आहे, तेही नोंदणी न झालेल्या वाहनांसाठी. पालिका किंवा महाविद्यालय त्यात बसत नाही आणि त्यावर प्रवासी नेता येत नाहीत.

परमिटचा घोळ उलटा आहे. केंद्राच्या ऑक्टोबर 2018 च्या अधिसूचनेनं बॅटरीवरच्या वाहतूक वाहनांना परमिटमधून सूट दिली. ही सूट कलम 66(1) पुरती, म्हणजे परमिटच्या सक्तीपुरतीच आहे. फिटनेस, विमा, चालकाचा बॅज यातलं काहीही माफ झालेलं नाही. चालकाच्या लायसन्सची मुदतही पाहून घ्या. वाहतूक वाहनाचं लायसन्स पाच वर्षांचं असतं आणि चाचणीच्या मध्येच संपलं तर विम्यावर पाणी पडतं. 7,500 किलोपर्यंतची वाहनं हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतात असा सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर 2024 चा निकाल आहे, पण त्यानं बॅजची गरज संपत नाही.

विमा कंपनीला खरं सांगा. कलम 146 चा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहेच. त्यासोबत यंत्रणेच्या ताब्यात बस असतानाही सीटवरची व्यक्तीच चालक मानली जाईल, असं एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेली अट, लेखी घ्या. एजंटच्या तोंडी होकाराला किंमत नाही.

नकाशाच्या बाबतीत तर नसलेला कागद मागितला जातो. बसला काही सेंटिमीटर अचूकतेचा त्रिमितीय नकाशा लागतो. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या 15 फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आडव्या दिशेत 1 मीटर आणि उभ्या दिशेत 3 मीटरपेक्षा बारीक अचूकतेची माहिती फक्त भारतीय संस्थेनं गोळा करायची आणि भारतातच साठवायची. वाहनावर उपकरणं लावून रस्त्याचं मोजमाप करायचं असेल तर अचूकता कितीही असो, संस्था भारतीयच हवी. परदेशी पुरवठादाराचा इंजिनिअर लॅपटॉप घेऊन आला, त्यानं मार्ग रेकॉर्ड केला आणि फाइल स्वतःच्या सर्व्हरवर चढवली, तर चूक तिथंच झाली. टेबलावरून मात्र ‘नकाशाची एनओसी आणा’ एवढंच ऐकू येतं. अशी एनओसी नसते. पूर्वपरवानगी काढून टाकून तिथं स्वयंप्रमाणन आणलेलं आहे. तत्त्वांची प्रत आणि आपलं स्वयंप्रमाणन पत्र जोडा आणि संबंधित परिच्छेदाखाली पेन्सिलनं रेघ मारून द्या. अख्खा मसुदा वाचायला तिथं कुणाला वेळ नसतो. मार्ग छावणीजवळून जात असेल तर संवेदनशील ठिकाणांची नावं नकाशात टाकू नका.

रडार 76-77 गिगाहर्ट्झमधला असेल तर परवाना लागत नाही, तरी उपकरणाची ईटीए (वायरलेस उपकरणाला मिळणारी सरकारी मंजुरी) लागते. पुरवठादाराकडून तिची प्रत घ्या.

मार्गाचा तपशील म्हणून गुगल मॅपचा स्क्रीनशॉट जोडू नका. जालना रोडवरून केंब्रिज चौक ओलांडून शेंद्र्याकडे जाणारा रस्ता एका मालकाचा नाही. दर शंभर मीटरला मालक कोण, रुंदी किती, पट्टे दिसतात का, गतिरोधक रंगवलेला आहे का, मोबाइलची रेंज किती, असा तक्ता करा. प्रत्येक मालकाचं पत्र वेगळं घ्या. पाहणी मेमध्ये उरकून काम झालं असं समजू नका. त्या दिवसांत 42 अंशांत सेन्सरचे डबे तापतात एवढंच कळतं. गळीत हंगामात रस्ता वेगळाच असतो. उसाच्या ट्रॉलीच्या मागं मोळ्या मीटर-दीड मीटर बाहेर आलेल्या असतात आणि बंपरच्या उंचीवर बसवलेल्या लायडारचा किरण त्यांच्या खालून जाऊन चाकाला लागतो. यंत्रणेला वाटतं अजून जागा आहे. अर्जात वर, छताजवळ दुसरा सेन्सर दाखवला नसेल तर तपासणाऱ्याला ही शंका येणारच, आणि ती रास्त आहे.

वेगाची मर्यादा मागताना आकडेमोड द्या. ताशी 25 किमीला बस सेकंदाला सुमारे 7 मीटर जाते. यंत्रणेनं इशारा दिल्यावर चालकानं ताबा घ्यायला दोन सेकंद लावले तर 14 मीटर तिथंच गेले. पुढं प्रवाशांना न पाडता ब्रेक लावायचे तर आणखी 20 मीटर. जोरात लावले तर 6 मीटरमध्ये थांबेल, पण उभे प्रवासी एकमेकांवर पडतील. अमेरिकेत कोलंबस शहरात फेब्रुवारी 2020 मध्ये ताशी अवघ्या 11 किमीच्या वेगात स्वयंचलित शटल अचानक थांबली आणि बसलेली प्रवासी सीटवरून खाली पडली. त्यानंतर त्या बनावटीच्या शटलमधली प्रवासी वाहतूक तिथल्या सरकारी रस्ते सुरक्षा संस्थेनं देशभर थांबवली होती. म्हणून ‘उभे प्रवासी नाहीत, प्रत्येक सीटला पट्टा’ ही अट अर्जात स्वतःहूनच लिहा. आधी रिकाम्या फेऱ्या, मग कर्मचारी, मग जनता. सुरुवातीला तिकीट लावू नका. भाडं घेतलं की दराच्या मंजुरीचा नवा प्रश्न उभा राहतो.

नावांची गफलतही अर्ज परत आणते. 2023 नंतर कागदावर शहरांची नावं छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव. तुमच्या जुन्या आरसीवर औरंगाबाद, विम्यावर उस्मानाबाद. एक ओळीचं खुलासापत्र पहिल्याच वेळी जोडा. एवढ्यासाठी दुसरी चक्कर कशाला?

मुदतींत दोन ठिकाणी लोक हमखास चुकतात. सायबर घटना, उदाहरणार्थ बसच्या यंत्रणेत कुणी बाहेरून शिरलं, सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवायची असते. हे सहा तास घटना लक्षात आल्यापासून मोजायचे. त्यात रविवार, सुट्टी, साहेब रजेवर हे काही धरलं जात नाही. दुसरी चूक अपिलाची. फेरबदल, नोंदणी, फिटनेस नाकारल्यास कलम 57 खाली अपील करायला 30 दिवस मिळतात, ते आदेशाची सूचना हातात पडल्यापासून. खिडकीवरून ‘हे चालत नाही’ म्हणत फाइल सरकवली तर तो आदेश नव्हे आणि त्यावर अपीलही होत नाही. फाइल परत घेऊ नका. आवक शाखेत द्या, शिक्का आणि क्रमांक घ्या आणि नकार असेल तर कलमासह लेखी मागा.