गृहभेटीच्या फोल्डरमधलं कुटुंब

कम्युनिटी पोस्टिंगला, म्हणजे वस्तीत घरोघर जाऊन शिकायला निघताना आमच्या नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थिनीच्या हातात एक फॅमिली फोल्डर असतं. पहिल्या पानावरचा पहिला रकाना असतो 'कुटुंबप्रमुखाचे नाव'. खाली सदस्यांचा तक्ता: नाव, वय, नातं, शिक्षण, व्यवसाय, आरोग्याची स्थिती.

गेल्या पावसाळ्यात पुण्यात पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीत मी एका विद्यार्थिनीबरोबर गेले होते. घरात सत्तरीचे आजोबा, जुना मधुमेह, डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम. पोरीने शिकवल्याप्रमाणे जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर बॅग ठेवली, आधी साबण-टॉवेल काढून हात धुतले आणि मगच बॅग पूर्ण उघडली. सूनबाईंनी हातावर पाणी घातलं. खोलीत उजेड कमी होता, म्हणून ड्रेसिंग होईपर्यंत मोबाइलची बॅटरी धरून त्याच उभ्या राहिल्या. नंतर फोल्डर पाहिलं. जखमेची लांबी, रुंदी, रंग, स्राव, सगळं नीट टिपलेलं. मी विचारलं, "तू येत नाहीस त्या दिवशी पट्टी कोण बदलतं?" "त्यांची सून, मॅडम." सूनबाई तक्त्यात तिसऱ्या ओळीत होत्या. वय एक्केचाळीस, गृहिणी, आरोग्य: 'निरोगी'. त्यांचा रक्तदाब कुणीच मोजला नव्हता.

'कुटुंब हा आरोग्यसेवेचा घटक आहे' हे वाक्य नर्सिंगची प्रत्येक विद्यार्थिनी परीक्षेत लिहिते. मीही लिहिलं होतं. ते कुठून आलं आणि आपल्याकडे पोचेपर्यंत त्याचं काय झालं, हे समजून घेतल्याशिवाय तिसऱ्या ओळीतला तो 'निरोगी' शब्द तिथे कसा आला, हे कळत नाही.

घरोघर जाणाऱ्या प्रशिक्षित परिचारिकेची सुरुवात सहसा १८५९ च्या लिव्हरपूलपासून सांगतात. विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याची पत्नी घरीच आजारी होती आणि मेरी रॉबिन्सन या परिचारिकेने तिची शुश्रूषा केली होती. पत्नी गेल्यावर त्याने मेरीला विनंती केली, की हीच सेवा आता शहरातल्या गरिबांच्या घरी जाऊन करावी. परिचारिका पुरेनात, म्हणून फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या सल्ल्याने १८६२ मध्ये तिथे प्रशिक्षण सुरू झालं. नाइटिंगेलचा आग्रह असा, की घरी जाणाऱ्या परिचारिकेने रुग्णाबरोबर त्याची खोलीही नीट करावी आणि ती तशी ठेवायला घरच्यांना शिकवावं. पुढे १८९३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गृहशुश्रूषेचा वर्ग घेत असताना लिलियन वॉल्ड या परिचारिकेला एक लहान मुलगी आपल्या बाळंतीण आईकडे घेऊन गेली. त्या खोलीत वॉल्डने जे पाहिलं, त्यातून हेन्री स्ट्रीटवरून गरिबांच्या घरोघर जाणाऱ्या परिचारिकांचं काम उभं राहिलं. एका आजाऱ्यासाठी घरात शिरलेल्या परिचारिकेला तिथे आजाऱ्याबरोबर अख्खं घर भेटलं.

पुण्यात मात्र सरकारी आरोग्ययंत्रणा घरात पहिल्यांदा शिरली ती बंदूकधारी सोजिरांच्या रूपाने. १८९७ च्या प्लेगमध्ये वॉल्टर चार्ल्स रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या प्लेग समितीने मार्च महिन्यापासून पेठापेठांतून घरझडत्या सुरू केल्या. रुग्ण सापडला की त्याला रुग्णालयात हलवायचं, उरलेल्यांना विलगीकरणाच्या छावणीत, आणि घरातलं सामान बाहेर काढून घर धुऊन काढायचं. देवघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली, कशाचाच अपवाद नव्हता. प्लेगच्या छावण्यांत आणि रुग्णालयांत स्त्रियांचे काय हाल होतात, यावर पंडिता रमाबाईंनी जाहीरपणे लिहिलं. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. हा इतिहास आपण राजकारणाचा म्हणून शिकतो. मला तो गृहभेटीचाही वाटतो. त्या यंत्रणेच्या लेखी कुटुंब हा रोग लपवणारा अड्डा होता, आणि तो फोडला की रोग आटोक्यात येईल अशी तिची समजूत होती. लोकांनी रुग्ण माळ्यावर, अडगळीत लपवले. दारावर आलेल्या सरकारी माणसाबद्दलचं ते भय किती पिढ्या टिकलं, ते मोजायला आपल्याकडे साधन नाही.

त्याच साथीत, त्याच शहराच्या वेशीवर, दुसरंही काही चाललं होतं. सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घेऊन तिथे आणलं. त्यात त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. झडत्यांचा बडगा सुरू होण्याच्या अगदी तोंडावरच. रुग्णाला घरातून हलवणं त्यांनाही चुकलं नाही, पण त्यांनी त्याला आपलं माणूस म्हणून उचललं. सामाजिक आरोग्य परिचर्येचा पुण्यातला आरंभबिंदू कुठला, असं मला कुणी विचारलं तर मी मुंढवा ते हडपसर हा रस्ता दाखवेन.

यानंतर प्रश्न राहिला तो घराचा उंबरा कोण ओलांडणार हा. सनातनी घरात परकी बाई, त्यात दुसऱ्या जातीच्या माणसांना हात लावणारी, म्हणजे विटाळाचाच विषय. परिचारिकेचं काम करतात त्या एक तर ख्रिस्ती बायका किंवा ज्यांना कुणी नाही अशा, असं सर्रास मानलं जाई. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं, रमाबाई रानडे अध्यक्ष आणि भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर कार्यवाह. पुढच्या काही वर्षांत सेवासदनने बायकांना, त्यातही तरुण विधवांना, १८६७ पासून उभ्या असलेल्या ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवायला सुरुवात केली. लक्ष्मी रस्त्यावरच्या सेवासदनवरून रोज हजारो पुणेकर जातात. त्यांतल्या कितींना हे माहीत असेल? ज्या बाईला तिच्याच कुटुंबाने माजघराच्या अंधारात ढकललं होतं, ती आता दुसऱ्याच्या कुटुंबात अधिकाराने शिरून बाळंतिणीचा ताप पाहू लागली. आमच्या पेशातल्या या पहिल्या मराठी बायकांना कुटुंब म्हणजे काय, त्याच्या आत कोण मोजलं जातं आणि कोण नाही, हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल आला, १९४६ मध्ये. भोर नाशिकचे, शिक्षण पुण्यात बिशप्स हायस्कूल आणि डेक्कन कॉलेजात. त्या अहवालातला एक हिशेब मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहिते: ४३,००० लोकसंख्येमागे एक परिचारिका आणि ४ लाखांमागे एक हेल्थ व्हिजिटर, म्हणजे घरोघर जाणारी आरोग्यसेविका. एवढ्या थोड्या माणसांत घरोघर कुणी जावं? समितीने प्राथमिक आरोग्य केंद्रांची आणि सार्वजनिक आरोग्य परिचारिकांची रचना सुचवली. २ ऑक्टोबर १९५२ पासून सामूहिक विकास कार्यक्रमाबरोबर केंद्रं उभी राहू लागली आणि त्याच दशकात एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसविका, हे पद आलं.

कुटुंबाला घटक मानणारा विचार तेव्हा जगभर वेगवेगळ्या ठिकाणी मूळ धरत होता. लंडनच्या पेकहॅममध्ये १९२६ साली सुरू झालेल्या आरोग्य केंद्रात एकट्यादुकट्याला सभासदत्व मिळतच नसे, अख्ख्या कुटुंबाने नाव नोंदवायचं. दक्षिण आफ्रिकेत फोलेला इथे सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर जोडप्याने १९४० पासून घरोघरचं सर्वेक्षण आणि उपचार एकत्र बांधले. पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो आपल्याच देशातला, मद्रासचा क्षयरोगाचा अभ्यास. १९५६ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या केंद्राने १९३ रुग्णांचे दोन गट केले. एक सॅनेटोरियममध्ये, दुसरा घरी, तेही दाटीवाटीच्या गरीब घरांत. औषधं तीच. १९५९ मध्ये निष्कर्ष आले: घरी राहिलेले रुग्ण जवळपास तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना जादा धोका झाला नाही. हेल्थ व्हिजिटर न सांगता घरी जाऊन गोळ्या मोजत, लघवीची तपासणी करत. रुग्णाला घरापासून तोडल्याशिवाय संसर्ग थांबत नाही, या रँडच्या काळापासूनच्या समजुतीला एवढं ठोस उत्तर याआधी मिळालं नव्हतं. क्षय म्हणजे माणूस घरातून उठला, हे औंधच्या उरो रुग्णालयाच्या आठवणी काढणाऱ्या जुन्या पिढीकडून मी कितीदा ऐकलंय.

अमेरिकेत रूथ फ्रीमन या परिचारिकेने १९५० आणि १९६० च्या दशकांत या विचाराला मोजमाप दिलं. १९६४ च्या सुमाराची तिची कुटुंबाची क्षमता मोजण्याची पट्टी आजही आमच्याकडे शिकवतात. तिच्यात नऊ बाबी आहेत: शारीरिक स्वावलंबन, उपचार करण्याचं कौशल्य, आजाराची माहिती, वैयक्तिक स्वच्छता, आरोग्यसेवेकडे पाहण्याचा दृष्टिकोन, भावनिक सामर्थ्य, घरातलं वागणं-बोलणं, घराची परिस्थिती आणि आसपासच्या सोयींचा वापर. आजार किती मोठा हे ती पट्टी विचारत नाही. हे घर तो कसा पेलतंय, ते विचारते. माझ्या मते हा सगळ्या विषयाचा गाभा आहे.

आपल्याकडे हा गाभा पोचण्याआधीच 'कुटुंब' या शब्दाचा अर्थ आक्रसला. जुन्या मराठीत नवरा बायकोला 'आमचं कुटुंब' म्हणायचा. १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, १९६६ मध्ये त्याचं स्वतंत्र खातं झालं, आणि एएनएमच्या दप्तरात सर्वांत महत्त्वाची वही ठरली ती पात्र जोडप्यांची, म्हणजे मूल होण्याच्या वयातल्या जोडप्यांची. त्यातही पात्र जोडपं म्हणजे व्यवहारात बाई. म्हणजे सरकारी वहीतसुद्धा कुटुंब म्हणजे बायकोच! आणीबाणीत तर कहर झाला. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा होऊ शकलं नाही, पण त्या वर्षात देशभर ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्या काळात नोकरीला लागलेल्या आरोग्यसेविका सांगतात, गल्लीत पांढरी साडी दिसली की दारं लागायची. १९७७ मध्ये कार्यक्रमाच्या नावातलं 'नियोजन' जाऊन 'कल्याण' आलं, आणि कुटुंबनियोजनाच्या उद्दिष्टांचा आकडा अधिकृतपणे सुटायला १९९६ उजाडलं. आजाऱ्याची, म्हाताऱ्याची, अपंग मुलाची काळजी घेणारं घर म्हणून कुटुंबाकडे पाहायला आमच्या बहिणींना या सगळ्या वर्षांत उसंतच दिली नाही. त्यांच्यावर राग काढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

पुण्याजवळ तरीही वेगळी वाट चालून पाहिली गेली. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात शिरूर तालुक्यातल्या वढू इथे ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. गावातल्याच बायका-पुरुषांना शिकवून घरोघर पाठवलं. रुग्णालयाची खाट आणि घरातली चूल यांच्यात जाणारं-येणारं माणूस हवं, हे त्यांनी ओळखलं. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९७ मध्ये वारज्यात सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणारं केंद्र, सुरू झालं. तिथे कर्करोगाच्या रुग्णाबरोबर घरचं माणूस राहतं आणि कूस कशी बदलायची, तोंडाची स्वच्छता कशी करायची, नळीतून कसं भरवायचं हे शिकून घरी जातं. काळजी घेणाऱ्यालाही काळजी लागते, हे तिथे कामाच्या पद्धतीतच धरलेलं आहे.

मग २०२०. महाराष्ट्रातले पहिले करोना रुग्ण ९ मार्चला पुण्यातच, नायडू रुग्णालयात नोंदले गेले. १५ सप्टेंबरपासून राज्यभर मोहीम निघाली, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'. एक आरोग्य कर्मचारी आणि दोन स्वयंसेवक, हातात तापमापक आणि ऑक्सिमीटर, दिवसाला ५० घरं. १८९७ च्या त्याच पेठांमध्ये या वेळी आशाताई दारात उभ्या राहून मधुमेह आहे का, बीपी आहे का, विचारत होत्या. २००५ पासून ग्रामीण भागात आणि नंतर शहरी वस्त्यांत काम करणाऱ्या या आशाताईंना लोक ओळखत होते, म्हणून कित्येक दारं उघडली. पण मोहिमेच्या नावातला 'माझी' कोण, हे कुणी विचारलं नाही. गृहविलगीकरणातल्या नवऱ्याच्या खोलीबाहेर ताट ठेवणारी, भांडी वेगळी उकळणारी, सासऱ्यांचं बोट धरून ऑक्सिजन मोजणारी घराघरांत बहुतेक एकच होती.

कोथरूड, एरंडवणे भागात आता आणखी एक प्रकार दिसतो. आई-वडील इथे, मुलं अमेरिकेत, मधे ब्यूरोकडून आलेली मावशी. गोळ्यांच्या डबीचा फोटो रोज रात्री ग्रुपवर जातो. आमच्या विद्यार्थिनी विचारतात, "मॅडम, न्यूजर्सीचा मुलगा तक्त्यात लिहायचा का?" लिहायचा. आणि बारा तास त्या घरात असणारी, स्वतःची पोरं वस्तीत शेजारणीवर सोडून आलेली मावशीसुद्धा लिहायची. फ्रीमनच्या पट्टीवर ते घर मोजायचं तर तिच्याशिवाय आकडा येणारच नाही.

जनता वसाहतीतल्या त्या घरी आम्ही पुढच्या सोमवारी पुन्हा गेलो. ड्रेसिंग झालं. मग विद्यार्थिनीने सूनबाईंना बसवलं, पाच मिनिटं शांत राहायला सांगितलं आणि रक्तदाबाचा पट्टा बांधला. १५८/९६. "मला कुठं काय होतंय," असं म्हणत त्या उठायला लागल्या, कुकरची शिट्टी झाली होती. पोरीने त्यांचा हात सोडला नाही. दुसऱ्यांदा मोजलं, १५४/९४. फोल्डरमध्ये तिसऱ्या ओळीतलं 'निरोगी' खोडून तिने आकडा लिहिला, बुधवारी पुन्हा मोजायचं अशी नोंद केली, आणि समासात नवा रकाना आखला: 'काळजी कोण घेतं'.