फसवा कावळा

फसवा कावळा : खऱ्या कावळ्यांना जवळ आणण्यासाठी किंवा दूर ठेवण्यासाठी मांडलेली कावळ्याची प्रतिकृती. ब्रिटन व अमेरिकेत एअर रायफलने, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत छऱ्याच्या बंदुकीने, कावळे मारणारे शिकारी तिचा आमिष म्हणून वापर करतात. नाशिक जिल्ह्यातील शेतकरी हीच युक्ती उलटी वापरतो आणि शेतात काळी आकृती टांगून पीक राखतो. तिसरा प्रकार बोलावणाराही नाही आणि हाकलणाराही नाही. गोदाकाठी रामकुंडावर पिंडाला कावळा शिवेना, तर शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला त्याचा स्पर्श घडवतात. नाशिकमध्ये प्रतिकृतीचा कावळा सर्वांत जास्त लोकांनी पाहिला असेल तर तो हाच.

शिकारीतला फसवा कावळा कळण्यासाठी आधी बंदूक समजून घ्यावी लागते. एअर रायफलमध्ये दारू नसते. दाबलेल्या हवेच्या जोरावर शिशाचा छर्रा सुटतो; त्याचा व्यास बहुधा 4.5 किंवा 5.5 मिमी. असतो. ब्रिटनमध्ये विनापरवाना रायफलच्या ताकदीवर 12 फूट-पौंडांची (सुमारे 16 जूल) मर्यादा आहे. स्कॉटलंडमध्ये 31 डिसेंबर 2016 पासून अशा रायफलीलाही प्रमाणपत्र लागते. एवढ्या ताकदीत छर्रा साधारण तीस मीटरच्या आतच भरवशाचा, आणि तोही डोक्यावर नेमका बसला तरच. उडता कावळा या बंदुकीने मारता येत नाही, म्हणून तो बसायला हवा. कावळा तर माणसाच्या हातातली काठी पाहूनही उठतो. त्याला तीस मीटरच्या आत आणून क्षणभर बसता करणे, एवढ्याच कामासाठी फसवा कावळा जन्माला आला.

हे काम होते ते कावळ्याच्या सामाजिक स्वभावामुळे. कावळे एकमेकांवर नजर ठेवून जगतात. एकाला अन्न सापडले की बाकीचे उतरतात. चार जण खात असताना एखादा उंचावर बसून पहारा करतो. शिकारी हेच चित्र मांडतो. तीन-चार कावळे जमिनीवर चरत असल्यासारखे, चोची वेगवेगळ्या दिशांना, आणि एक कुंपणाच्या खांबावर पहारेकरी म्हणून. पहारेकरी निवांत दिसला की वरून जाणाऱ्या थव्याला जागा सुरक्षित वाटते. गुळगुळीत प्लास्टिक पावसात किंवा दवात चकाकते आणि सोंग उघडे पडते, म्हणून चांगल्या प्रतिकृतींवर मखमलीसारखा बारीक लवेचा थर देतात. रातथाऱ्यावरून चरायला जाण्याची कावळ्यांची वाट आधी हेरून, उजाडण्यापूर्वी तिच्याखाली जाळीचे लपण बांधतात. दुसरी रीत घुबडाची. खोटे घुबड उंच खांबावर ठेवले की त्याला पिटाळण्यासाठी कावळे आरडाओरडा करत जमतात आणि त्या रागात आसपासचा माणूस त्यांच्या नजरेतून सुटतो.

या शिकारीमागे ब्रिटनमध्ये कारण दिले जाते ते मेंढपाळांचे. तिथला काळा कावळा (कॉर्व्हस कॉरोन) नुकत्याच जन्मलेल्या, अजून उभ्याही न राहिलेल्या कोकरांचे डोळे टोचतो. तरीही तिथे मोकळीक नाही. कायद्याने पक्षी संरक्षित असून सरसकट परवान्याच्या (प्रत्येकाने वेगळा अर्ज न करता सर्वांना लागू असलेल्या) अटींवरच कावळा मारता येतो. एप्रिल 2019 मध्ये न्यायालयीन आव्हानानंतर असे तीन परवाने इंग्लंडमध्ये रद्द झाले आणि नवे, अधिक नेमके परवाने काढावे लागले. अमेरिकेत 1972 पासून कावळा स्थलांतरित पक्ष्यांच्या करारात येतो; राज्ये शिकारीचा हंगाम ठरवतात आणि तो वर्षात 124 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

आपल्या अंगणातला राखाडी मानेचा घरकावळा (कॉर्व्हस स्प्लेंडेन्स) मात्र जगभर वेगळ्याच कारणाने बंदुकीसमोर आला आहे. जहाजांवर बसून किंवा माणसांनी नेल्यामुळे तो दूरदूर पोहोचला आणि परक्या ठिकाणी स्थानिक पक्ष्यांची अंडी-पिल्ले फस्त करू लागला. नेदरलँड्समधील हूक व्हॅन हॉलंड बंदरात 1994 मध्ये पोहोचलेल्या दोन कावळ्यांपासून वाढलेला थवा 2014 पासून मारण्यात आला. केनियाने 2024 मध्ये दहा लाख घरकावळे नष्ट करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. हे दाखले देऊन इथेही कावळा मारावा असे सुचवणे चूक आहे. तो तिथे उपरा आहे. नाशिकमध्ये तो घरचा आहे.

भारतात ही शिकार आज बेकायदा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पाचव्या अनुसूचीत कावळा उंदीर-घुशींच्या रांगेत, ‘उपद्रवी’ म्हणून होता. त्याला मारायला परवानगी लागत नसे. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, ती अनुसूचीच गेली आणि घरकावळा दुसऱ्या अनुसूचीत संरक्षित झाला. गैरसमज होतो तो बंदुकीमुळे. शस्त्र नियम, 2016 नुसार 4.5 मिमी. पर्यंतच्या आणि 20 जूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. बंदूक विनापरवाना मिळते म्हणून तिने पक्षी मारायलाही मोकळीक आहे, असे अनेकजण धरून चालतात. बंदूक बाळगणे आणि पक्षी मारणे हे दोन वेगळे कायदे आहेत. निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमावरचे नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) तर पक्षी अभयारण्यच आहे आणि त्याच्या भोवती शेती अगदी लागून आहे. तिथे छऱ्याचा आवाज बदकांनाही उठवतो.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत मण्यांत पाणी उतरले की पाखरांचा त्रास सुरू होतो, पण त्यात कावळा मुख्य नसतो. मैना, बुलबुल, पोपट आणि हिवाळ्यात थव्यांनी येणाऱ्या भोरड्या यांचा वाटा मोठा. त्यावर खरा इलाज जाळीचाच; गोफण, डबे आणि चमकणाऱ्या फिती या तात्पुरत्या. कावळ्याचे नुकसान जास्त दिसते ते येवला, मालेगाव, बागलाण भागातल्या मक्यात. पेरणीनंतर मोड जमिनीवर डोकावला की कावळा तो उपटून खालचा दाणा खातो. एकेक रोप ओळीने उपटलेले पाहिले की शेतकऱ्याचा संताप समजतो. पण हा धोका थोड्या दिवसांचा असतो आणि उरलेले वर्षभर हाच कावळा उंदीर, किडे, अळ्या आणि मेलेली जनावरे खातो.

या थोड्या दिवसांसाठी फसवा कावळा उपयोगी पडतो, मात्र तो मेलेला दिसावा लागतो. पाय वर, पंख लोंबते असा टांगलेला कावळा पाहून इतर कावळे वर घिरट्या घालतात, कल्ला करतात आणि ती जागा टाळू लागतात. सिअ‍ॅटलमधील वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ यांनी 2006 मध्ये ठरावीक मुखवटा घालून कावळे पकडले व सोडले. तो मुखवटा दिसताच कावळे पुढे कित्येक वर्षे कालवा करत राहिले, आणि कधीच न पकडलेले कावळेही त्यात सामील झाले. मेलेला कावळा हाती धरलेल्या माणसालाही ते कित्येक आठवडे विसरले नाहीत, असे त्याच विद्यापीठातील केली स्विफ्ट यांच्या 2015 मधील अभ्यासात दिसले. शिकाऱ्यावरही हेच उलटते. फसव्या कावळ्याशेजारी ज्याने जोडीदार पडताना पाहिला, तो त्या मांडणीला पुन्हा फसत नाही आणि इतरांनाही फसू देत नाही.

खरा मेलेला कावळा टांगण्याची जुनी रीत मात्र सोडायला हवी. कावळा आता संरक्षित असल्याने त्याचे कलेवर बाळगणे कायद्यात बसत नाही; शिवाय 2021 मध्ये राज्यात आणि जानेवारी 2025 मध्ये उदगीरला कावळे बर्ड फ्लूने मेले होते. शेताच्या कडेला कावळा मरून पडलेला दिसला तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. टांगण्यासाठी काळे कापड, जुन्या छत्रीचे कापड किंवा रबरी ट्यूबचे तुकडे पुरतात. दोन पंख सुटे ठेवून दोरीला उलटे बांधले की वाऱ्यावर ते फडफडतात. एकाच जागी ठेवलेले बुजगावणे पाखरे दोन-चार दिवसांत ओळखतात, म्हणून जागा रोज बदलावी, आणि पहिला मोड उपटलेला दिसला तरच टांगावे, आधी नव्हे. मक्याला चार पाने फुटली की फसवा कावळा उतरवून घरात ठेवावा. तसाच लोंबत राहिला, तर पुढच्या पेरणीला खरे कावळे त्याच्याच काठीवर येऊन बसतात.