मांजराच्या मानेवरचा लाल चट्टा

पिसवांच्या औषधाचे थेंब मानेवर टाकले की दुसऱ्या दिवशी तिथले केस चिकटून टोकदार दिसतात, कधी पांढरी भुकटीही दिसते. त्याने घाबरू नका. ते वाळलेलं औषध असतं, दोन-चार दिवसांत जातं. केसांत भांग पाडून खालची कातडी बघा. ती लालभडक किंवा ओलसर असेल, केस गळत असतील, मांजर मागच्या पायाने तीच जागा खाजवत असेल, तर ती रिॲक्शन.

फिप्रोनिल या पिसवा मारणाऱ्या औषधाच्या मांजरांसाठीच्या पिपेटमध्ये (थेंब टाकायच्या छोट्या नळीत) साधारण अर्धा मिली द्रव असतो. त्यात औषध 10 टक्क्यांच्या आसपास, बाकी द्रावक. औषध त्वचेच्या तेलात मिसळून अंगभर पसरावं म्हणून ते घालावं लागतं, आणि पुष्कळदा चुरचुरतं ते तेच. म्हणून पाकीट फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. नुसतं नाव बदलून तेच द्रावक पुन्हा मानेवर पडायला नको.

पिसवांच्या लाळेची ॲलर्जी वेगळी ओळखता येते. तिच्यात हाताला बाजरीच्या दाण्यांसारख्या बारीक खपल्या लागतात, त्याही मानेपुरत्या नाही, तर पाठीवर आणि शेपटीच्या बुडाशी. फणीत आलेले काळे कण ओल्या टिश्यूवर ठेवा. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

चट्टा उठला तर भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचे दोन-तीन थेंब कोमट पाण्यात घालून तेवढीच जागा धुवा आणि टॉवेलने नीट कोरडी करा. पाणी गरम नको, त्याने त्वचेतून औषध जास्त शोषलं जातं. खाजवणं थांबेना तर गळ्यात शंकूसारखी संरक्षक कॉलर घाला. खोबरेल तेलात कापूर, टी ट्री तेल, फिनाइलसारख्या वासाचं अँटिसेप्टिक यांतलं काहीही लावू नका. मांजर अंग चाटतं, आणि हे पदार्थ त्याच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत. जखम चिघळली किंवा चट्टा पसरला तर डॉक्टर.

सगळ्यांत घातक चूक म्हणजे कुत्र्याचं पिपेट ‘थोडंसंच’ मांजराला लावणं. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक 45 टक्क्यांहून जास्त असतं. ते शरीराबाहेर टाकायला लागणारी ग्लुक्युरोनिडेशनची क्रिया मांजरात फार तोकडी आहे. काही तासांत कान आणि कातडी थरथरू लागते, लाळ गळते, पुढे झटके येतात. तेव्हा वरच्याच पद्धतीने अंग धुवा, मांजराला टॉवेलात गुंडाळून उबदार ठेवा आणि पाकीट घेऊन लगेच दवाखाना गाठा. झटके सुरू झाले असतील तर धुण्यात वेळ घालवू नका. घरात कुत्रा असेल तर त्याला असं औषध लावल्यावर मांजराला त्याच्याजवळ झोपू देऊ नका, केसांवरूनही ते लागतं.

पुढच्या वेळी औषध दोन खांद्यांमध्ये न टाकता कवटीच्या बुडाशी, जीभ पोचत नाही तिथे, थेट कातडीवर टाका. आधीचे आणि नंतरचे दोन दिवस अंघोळ नको.