चेतापेशी

शरीरातील संदेश घेऊन ते विद्युत आवेगाच्या रूपाने पुढे पोहोचवणारी पेशी. बोलण्यात तिला आणि मज्जातंतूला सर्रास ‘नस’ म्हणतात. पण नस म्हणजे रक्तवाहिनीही, म्हणून तो शब्द इथे टाळलेला बरा. मज्जातंतू ही अशा अनेक पेशींच्या तंतूंची जुडी असते.

केंद्रक असलेल्या पेशीकायाला आखूड वृक्षिका फुटतात, त्या संदेश घेतात. एकच लांब अक्षतंतू संदेश दूर नेतो. कंबरेपासून पावलापर्यंतचा अक्षतंतू सुमारे १ मीटर भरतो, आणि तरी तो डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक असतो.

आवेग कसा धावतो हे कळले ते माकुळामुळे (स्क्विडमुळे). बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात कोळीण माकूळ साफ करून देते, तेव्हा तिच्या विळीखाली येणाऱ्या मांसल आवरणात महाकाय अक्षतंतू पसरलेले असतात. अटलांटिकमधील काही जातींत त्यांची जाडी १ मिलिमीटरपर्यंत जाते. अशा तंतूत विद्युतअग्र (इलेक्ट्रोड) घालून हॉजकिन आणि हक्स्ली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये आवेगाचे गणित मांडले. १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. विश्रांतीत पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. उद्दीपनाने ठरावीक पातळी ओलांडली की सोडियम आयन आत घुसतात, पाठोपाठ पोटॅशियम आयन बाहेर पडतात, आणि शेजारचा भाग चेततो. पातळी गाठली नाही तर आवेग उमटतच नाही. अर्धा आवेग नसतो.

माकुळाने वेग जाडीतून मिळवला. आपल्याकडे तेच काम मायलिन करते. या मेदयुक्त आवरणात ठरावीक अंतरावर उघड्या जागा असतात आणि तिथेच आवेग नव्याने उमटतो. त्यामुळे जाड तंतूंत वेग सेकंदाला १०० मीटरपर्यंत पोहोचतो, तर आवरण नसलेल्या बारीक तंतूंत तो साधारण १ मीटर असतो. विळी लागली की आधी तीक्ष्ण कळ येते, ठणका मागाहून. दोन्ही संदेश वेगवेगळ्या तंतूंवरून येतात. हात मात्र त्याआधीच मेरुरज्जूच्या हुकमाने मागे आलेला असतो.

दोन पेशींमध्ये बहुधा सुमारे २० नॅनोमीटरची फट असते. ती संदेशवाहक रसायने ओलांडतात.

कुष्ठरोगाचे जंतू मायलिन तयार करणाऱ्या श्वान (Schwann या शास्त्रज्ञाच्या नावाच्या) पेशींतच शिरतात. मग विळी लागल्याचे कळतही नाही, आणि जखम चिघळत जाते. अंगावर बधिर, फिकट चट्टा दिसला तर लगेच तपासून घ्यावे. सरकारी दवाखान्यांत याचे औषध मोफत मिळते.