डब्यावरचं ‘वनस्पतिजन्य’ आलं कुठून?

‘वनस्पतिजन्य पेप्टाइड’ असं लिहिलेल्या क्रीमच्या डब्यावर हल्ली सोयाबीनची शेंग, भाताची लोंबी नाहीतर हिरवंगार शेवाळ असतं. ही हिरवाई त्वचेच्या संशोधनातून आली असेल असं वाटतं. तिचं मूळ मात्र बऱ्याच अंशी ब्रिटनमधल्या गोठ्यांत आहे.

तिथल्या गुरांमध्ये 1986 साली मेंदू पोखरणारा ‘मॅड काऊ’ रोग ओळखला गेला. त्या काळात महागड्या क्रीममध्ये गुरांच्या कातडीतलं कोलॅजन, वारेचा (प्लासेंटाचा) अर्क असले घटक सर्रास असत. 20 मार्च 1996 रोजी ब्रिटिश सरकारने संसदेत कबुली दिली: माणसांत दिसलेल्या नव्या मेंदूविकाराचा या रोगाशी संबंध असण्याची शक्यता आहे. पुढच्याच जानेवारीत युरोपने गुरं, शेळ्या आणि मेंढ्यांचा मेंदू, मज्जारज्जू व डोळे यांपासून काढलेले घटक सौंदर्यप्रसाधनांत वापरायला बंदी घातली. कातडीतलं कोलॅजन या यादीत नव्हतं. पण दुकानात उभ्या गिऱ्हाइकाला यादी कोण वाचून दाखवणार? धास्ती ‘गायीचं’ या शब्दाचीच बसली होती.

गायीऐवजी वनस्पतीकडे वळायचं, तर गहू, सोया, तांदूळ यांची प्रथिनं शाम्पूवाल्यांना आधीपासून माहीत होतीच. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. आम्ल किंवा विकर वापरून ती तोडली की लहानमोठे तुकडे पडतात. त्यातले छोटे ते पेप्टाइड. (आपल्या उटण्यात डाळीचं पीठ असतं, पण तिथे हे तोडणं होत नाही. उगाच पणजीला पेप्टाइडचं श्रेय द्यायला नको.) असा तुकड्यांचा मिश्र ऐवज त्वचेवर पाणी धरून ठेवतो, मऊपणा देतो. त्याहून मोठे दावे मी तरी जपूनच घेईन.

वनस्पतीचं म्हणजे निर्धोक, हा समज जपानमध्ये महागात पडला. ‘चा नो शिझुकु’ नावाच्या चेहऱ्याच्या साबणात आम्लाने तोडलेलं गव्हाचं प्रथिन होतं, आणि त्याचे तुकडे बरेच मोठे राहिले होते. रोज तोंड धुताना ते डोळ्यांच्या, नाकाच्या नाजूक अस्तरातून आत गेले आणि शरीराने गव्हाशीच वैर धरलं. वर्षानुवर्षं पाव आणि उदोन (गव्हाच्या जाड शेवया) खाणाऱ्या बायकांच्या पापण्या सुजू लागल्या. काहींना जेवणानंतर जीवघेणी ॲलर्जी आली. दोन हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. 2011 मध्ये साबण परत मागवण्यात आला. 2017 मध्ये युरोपने नियम केला: सौंदर्यप्रसाधनातल्या अशा गव्हाच्या तुकड्यांचं सरासरी वजन साडेतीन हजार डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) जास्त नको.

शेवाळाच्या बाजूने मग सांगण्यासारखं बरंच होतं. त्यात गाय नाही, ग्लुटेन हे गव्हातलं प्रथिन नाही, आणि त्याला सुपीक शेतजमीनही लागत नाही. स्पिरुलिना या सूक्ष्म शेवाळात, वाळल्यावर, साठ ते सत्तर टक्के प्रथिन असतं. क्लोरेला या दुसऱ्या शेवाळाची पेशीभिंत चिवट असल्यामुळे ती आधी फोडावी लागते. फ्रान्समध्ये ब्रिटनी किनाऱ्यावर समुद्री शेवाळाचा व्यवसाय जुनाच, त्यामुळे अशा अर्कांना तिथे तयार घर मिळालं. गंमत अशी, की क्लोरेला व्हल्गारिस गोड्या पाण्यातलं. डब्यावर लाटा मात्र समुद्राच्या.

ज्यांच्या जोरावर ‘पेप्टाइड’ या शब्दाला वजन आलं, ती पेप्टाइडं या वनस्पतींच्या घराण्यातली नाहीतच. 1973 मध्ये अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ लॉरेन पिकार्ट यांनी तांबं धरून ठेवणारं तीन अमिनो आम्लांचं पेप्टाइड शोधलं, ते माणसाच्या रक्तद्रवात. 1993 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी कोलॅजनच्या पूर्वरूपातला पाच अमिनो आम्लांचा तुकडा पेशींवर टाकला, तेव्हा पेशी जास्त कोलॅजन बनवू लागल्या. त्याचंच सुधारित रूप सेडर्मा या फ्रेंच कंपनीने बाजारात आणलं आणि 2005 मध्ये 93 स्त्रियांवर बारा आठवडे झालेल्या चाचणीत बारीक सुरकुत्या थोड्या कमी झालेल्या दिसल्या. क्रीममधलं त्याचं प्रमाण होतं दहा लाख भागांत तीन भाग. जाहिरात या चाचण्यांचं पुण्य सोयाच्या आणि शेवाळाच्या तुकड्यांच्या खात्यावर जमा करते.

घटकांच्या यादीत ‘हायड्रोलाइझ्ड’ दिसलं तर तो तोडलेल्या प्रथिनाचा मिश्र ऐवज. ‘पाल्मिटॉइल’ दिसलं तर ते प्रयोगशाळेत एकेक अमिनो आम्ल जोडून बांधलेलं पेप्टाइड. त्वचेच्या तेलकट थरातून आत शिरावं म्हणून त्याला पाल्मिटिक आम्लाची शेपटी लावलेली असते. ते आम्ल बहुधा पामतेलातलं. तेव्हा त्यात झाडाचं काही असलंच, तर ती शेपटी.